आठ आठवडे मुंबईत: उन्हाळी संशोधनासाठी येताय तर

निवड झाल्याची मेल येते. एक दिवस पेढे वाटण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी घरात प्रश्न निघतो, राहणार कुठे? मी परभणीहून पहिल्यांदा अशा उन्हाळी प्रकल्पासाठी आले तेव्हा आमच्याकडे याचं उत्तर तयार होतं. आत्या डोंबिवलीला. आमच्या घरात डोंबिवली म्हणजे मुंबईच. संस्था होती कुलाब्याच्या पार टोकाला, नेव्ही नगरात, जिथे रस्ता संपून समुद्र लागतो. घरातून रिक्षा, मग सीएसएमटीपर्यंत लोकल, मग बस. जायला दोन तास, यायला दोन तास. तिसऱ्या आठवड्यात एका सेमिनारमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसून चक्क घोरले. त्या रात्री आत्याच म्हणाली, "अगं, तू इथे फक्त झोपायला येतेस, आणि ती झोपही पुरत नाही तुला. तिकडेच कुठे खोली बघ."

आता मी मुंबईतच असते. दर एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या पोरापोरींचे फोन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहून काढलंय. आठ आठवडे हा अडनिडा काळ असतो. घर मांडायला कमी, पाहुणा म्हणून राहायला जास्त. म्हणून कुठलीही गोष्ट ठरवताना दोनच गोष्टी बघायच्या: ती रोजचा किती वेळ खाणार, आणि नाही जमली तर किती लवकर मोडता येणार.

पायरी १: मेल आली त्याच आठवड्यात

सगळ्यात आधी तारखा. संस्थांचे उन्हाळी कार्यक्रम साधारण मे ते जुलै चालतात आणि आपल्याकडच्या विद्यापीठांच्या परीक्षा घसरत घसरत जूनपर्यंत येतात. वेळापत्रक लागायची वाट बघत बसू नका. मार्गदर्शकांना लगेच लिहा की शेवटचा पेपर साधारण अमुक सुमारास आहे, प्रॅक्टिकल बाकी आहेत, मी अमुक तारखेपासून येऊ शकेन. आठवडाभर मागेपुढे करायला बहुतेक जण तयार असतात. आयत्या वेळी कळवलं तर मात्र मार्गदर्शक रागावत नाहीत, पण हॉस्टेलची खोली दुसऱ्याला गेलेली असते.

मग कागद. कॉलेजचं बोनाफाइड, विभागप्रमुखांच्या सहीचं ना-हरकत पत्र, आधार, कॉलेजचं ओळखपत्र, आठ-दहा फोटो, बँकेचं पासबुक आणि एक रद्द केलेला चेक. बँक खात्याबद्दल जरा थांबून सांगते. अनेकांचं खातं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं असतं, वडिलांच्या नावासोबत, अल्पवयीन म्हणून. अठरा पूर्ण झाली तरी ते तसंच पडून असतं आणि स्टायपेंड जमा व्हायच्या वेळी अडतं. गावातल्या शाखेत जाऊन ते आधीच नीट करून घ्या, मुंबईतून ते काम करणं अवघड जातं.

अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या संस्थांमध्ये गेटवरची तपासणी खरीखुरी असते. कुलाब्याच्या टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाताना तुम्ही नौदलाच्या वस्तीतून जाता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तर आधी परवानगी निघाल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि मोबाईल-लॅपटॉप आत नेण्यावर निर्बंध असतात. निवडपत्राच्या छापील प्रती जवळ ठेवा. मोबाईलवर दाखवते म्हणाल आणि रात्रभरच्या प्रवासाने बॅटरी संपलेली असेल.

पायरी २: जागा

पहिला प्रयत्न संस्थेच्या आवारातल्या हॉस्टेलचा. जाहिरातीत "निवासाची सोय नाही" असं लिहिलेलं असलं तरी एकदा विचारा. उन्हाळ्यात काही पीएचडीची मंडळी गावी जातात, एखादी खाट रिकामी होते, एका खोलीत तिघांना ठेवायची तयारी दाखवली तर कधी कधी काम होतं. फक्त कुणाच्या खोलीत गुपचूप राहू नका. पकडलं गेल्यावर ज्याने आसरा दिला त्याची खोली जाते.

आवारात नाही जमलं तर बाहेर. इथे बहुतेक जण चूक करतात ती नकाशा बघून. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, गाड्या किती बदलायच्या यात मोजतात. घरापासून स्टेशनपर्यंत चालत, एक लोकल, उतरल्यावर पुन्हा चालत किंवा शेअर रिक्षा, हे आठ आठवडे सहज निभतं. मध्ये दादरला किंवा कुर्ल्याला गाडी बदलायची असेल तर दोनदा विचार करा. दोनदा बदलायची असेल तर ती जागा फुकट मिळाली तरी नको.

दुसरी गोष्ट दिशेची. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे जाते, सीएसएमटी आणि चर्चगेटच्या बाजूला, आणि संध्याकाळी उलटी. म्हणून संस्था उत्तरेला असेल तर तुम्ही तिच्या दक्षिणेला राहा. दादर-परळला राहून सकाळी कांजूरमार्गला जाणाऱ्याला बसायला जागा मिळते. कल्याणहून त्याच कांजूरमार्गला येणाऱ्याला उभं राहायला मिळाली तरी नशीब.

आता संस्थेनुसार. आयआयटी पवईला असेल तर मध्य रेल्वेवरचं कांजूरमार्ग हे तुमचं स्टेशन. नकाशावर अंधेरीही दिसते म्हणून मुलं अंधेरीत खोली घेतात आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या रहदारीत उन्हाळा काढतात. कांजूर, विक्रोळी, भांडुप किंवा मुलुंड बघा. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात, ती मिळालेले सगळ्यात नशीबवान: माटुंगा, माटुंगा रोड, किंग्ज सर्कल अशी मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही लोकल मार्गांवरची स्टेशनं हाकेच्या अंतरावर. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र किंवा देवनारचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) असेल तर चेंबूरच्या आसपास राहा, हार्बरने थोडकं अंतर आहे. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अॅक्ट्रेकला जाणाऱ्यांनी मुंबईत राहण्याचा मोह सोडावा. खारघर, बेलापूर, नेरूळ इथे जागा मोठ्या मिळतात आणि भाडंही मुंबईपेक्षा हलकं. कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात काम असेल तर सांताक्रूझ आणि कुर्ला अशा दोन्ही बाजूंनी बस आहे, पण कुर्ल्याच्या बाजूची पावसात फार रखडते.

कुलाब्याच्या टीआयएफआरचं गणित माझ्या वेळेपेक्षा पुष्कळ बदललंय. भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, तिकीट १० ते ७० रुपये. म्हणजे गिरगाव, वरळी किंवा दादरला राहून एकाच गाडीने कफ परेड गाठता येतं आणि पुढे बस किंवा टॅक्सी. रोजचं मेट्रोचं तिकीट लोकलच्या पासापेक्षा कितीतरी महाग पडतं, हे मात्र हिशेबात धरा.

जागेचे प्रकार. दोन महिन्यांसाठी तुम्हाला मिळणार ती पीजी (पेइंग गेस्ट) किंवा कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक खाट आणि कपाटाचा एक खण. दलाल अकरा महिन्यांचा करार दाखवेल, महिन्याभराची दलाली मागेल. तो माणूस वाईट नसतो, तुमच्या कामाचा नसतो. त्याऐवजी ज्या प्रयोगशाळेत जाणार तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लिहा. मागच्या वर्षीची मुलं कुठे राहिली होती हे त्यांना ठाऊक असतं.

जागा बघताना हे विचारा: लॉक-इन, म्हणजे ठराविक काळ सोडता येणार नाही अशी अट आहे का, किती दिवस आधी नोटीस द्यायची, रात्री दार किती वाजता बंद, लाइट बिल वेगळं का, आणि पाणी किती वाजता येतं. हा शेवटचा प्रश्न गावाकडच्या माणसाला नवा नाही, पण मुंबईतही तो विचारावा लागतो. इथलं पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. मे-जूनमध्ये तलाव तळाला गेले की कधी कधी कपात होते, आणि मग सकाळी सहाला उठून बादली भरणारा रूममेट हा खरा मित्र ठरतो.

न बघता पैसे पाठवू नका. सुंदर फोटो, स्वस्त भाडं, "मी सैन्यात आहे, पोस्टिंगवर आहे, टोकन म्हणून क्यूआरवर पाच हजार टाका" हा प्रकार मुलांना दरवर्षी फसवतो. ओळखीचं कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघून येऊ दे. कुणीच नसेल तर पहिले तीन-चार दिवस गेस्ट हाउस घ्या आणि स्वतः फिरा. जास्त खर्च होतो खरा, पण बुडालेल्या डिपॉझिटपेक्षा कमीच.

डिपॉझिटची पावती घ्या, निदान मेसेजवर रक्कम लिहून घ्या. माझ्या पहिल्या पीजीत मी घेतली नव्हती. सोडताना मालकीणबाईंनी भिंतीच्या रंगाचे म्हणून निम्मे पैसे कापले. भिंतीला मी हातसुद्धा लावला नव्हता, तिला टेकून कपाट होतं! पण दाखवायला हातात कागद नव्हता. तेव्हापासून खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या भिंती, नळ, गादी, पंखा यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढते. मालक भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवतो, त्यासाठी आधारची प्रत मागेल. ती द्यायचीच असते, पण प्रतीवर आडवं "फक्त भाडेकरू नोंदणीसाठी" असं लिहून तारीख घाला.

आणि नातेवाईक. काका-मावशी-आत्या एका गाडीच्या अंतरावर असतील तर खुशाल राहा, पण पहिल्याच आठवड्यात काहीतरी ठरवा: भाजी मी आणणार, किंवा गॅसचे पैसे देणार. ते नको म्हणतील, तरी करा. प्रयोग रात्री अकरापर्यंत चालला तर कळवून टाकायचं, ताटावर कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. लांब असतील तर शनिवारी जेवायला जा. महिन्यातून दोनदा येणाऱ्या भाचीचे जे लाड होतात ते रोज घरात असलेल्या भाचीचे होत नाहीत, हे मी दोन्हीकडून अनुभवलंय.

पायरी ३: येण्याचा दिवस

शुक्रवारी किंवा शनिवारी पोचा, सोमवारच्या पहाटे नाही. देवगिरी, विदर्भ, महालक्ष्मी, सिद्धेश्वर या रात्रीच्या गाड्या सकाळी पोचतात आणि जरा उशीर झाला की थेट ऑफिसच्या गर्दीत नेऊन सोडतात. आठ ते अकराच्या वेळात मोठी बॅग घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढू नका. लोक चिडतील त्याचं काही नाही, पण चढायलाच जमणार नाही.

शेवटच्या स्टेशनपर्यंत जायलाच हवं असं नाही. तुमची गाडी कल्याण, ठाणे, दादर यांपैकी कुठे थांबते बघून घ्या. पवईचे लोक ठाण्याला उतरले तर बरं. खारघरला जाणारे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी धरू शकतात, कुठेही बदलायची नाही. गाडी "कुर्ल्याला" येते असं कुणी म्हणालं तर तिकिटावर बघा. ते लोकमान्य टिळक टर्मिनस असतं, कुर्ला लोकलचं स्टेशन नव्हे. तिथून जवळ पडतं हार्बरवरचं टिळकनगर. तसंच वांद्रे टर्मिनस वेगळं आणि वांद्रे स्टेशन वेगळं.

रिक्षा फक्त उपनगरात. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१. दोन्ही मीटरने जातात, मीटर टाका म्हणायला लाजू नका. बेस्टची बस साधी असेल तर किमान १० रुपये, एसी १२. बसच्या पाटीवरचे आकडे मराठीत असतात. केरळ-बंगालहून आलेली मुलं त्यापुढे गोंधळून उभी असतात, तेव्हा तुम्ही भाव खाऊन घ्या.

रविवारी सामान हलवायचा बेत असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. साधारण अकरा ते चार-साडेचारपर्यंत कुठला ना कुठला मार्ग बंद असतो.

पायरी ४: लोकल

ही शिकायला चार दिवस लागतात. सोमवारी पहिल्यांदाच प्रयत्न करू नका, शनिवारी ऑफिसच्या वेळेला एक रंगीत तालीम करून घ्या, दारापासून दारापर्यंत घड्याळ लावून.

आधी पास काढा. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रोजच्या तिकिटांपेक्षा इतका स्वस्त पडतो की काही दिवसांतच वसूल होतो. दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे, आणि विनातिकीट सापडलात तर दंड किमान २५० रुपये अधिक भाडं. पहिल्या वर्गात चुकून चढलात तरी टीसी ऐकत नाही. त्या डब्यावर तिरके पट्टे असतात, डोळ्यांना त्यांची सवय करून घ्या. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं, साधा पास तिथे चालत नाही.

फलाटावरच्या इंडिकेटरवर तीन गोष्टी वाचायच्या: गाडी कुठे जाणार, जलद की धीमी, आणि डबे बारा की पंधरा. डब्यांची संख्या नवखे वाचत नाहीत आणि मग गाडी पुढे जाऊन थांबली की बॅग सांभाळत पळतात. तुमचं स्टेशन धीम्या गाडीचं असेल तर जलद गाडीत चढण्यात फायदा नाही. कांजूरमार्गला जाणारे चुकून जलद गाडीत चढतात आणि थेट ठाण्याला उतरतात, ही आमच्या ग्रुपमधली दरवर्षीची गंमत आहे.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. आपलं स्टेशन येण्याआधीचं स्टेशन गेलं की दाराकडे सरकायला लागायचं. पुढच्याला विचारायचं, "दादर उतरणार?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. हा संवाद दिवसभरात लाखो वेळा होत असेल आणि त्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. फलाट डाव्या बाजूला येणार की उजव्या हेही विचारून घ्या. पाठीवरची सॅक पुढे पोटावर घ्या, मोबाईल हातात धरून दारात उभं राहू नका. दाराला लटकणारी मुलं रोज दिसतील, त्यांना बघून तुम्हाला जमेल असं वाटायला लागेल. लॅबला पाच मिनिटं उशीर झाला तर काही बिघडत नाही.

पश्चिम रेल्वेवर एक अलिखित कायदा आहे. संध्याकाळी अंधेरी किंवा बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढायचं नाही. विरारकर तुम्हाला उतरूच देत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही, तेच तास-सव्वातास उभे असतात. बोरिवलीच्या गाड्या असतात, त्यांनी जा.

मुलींना सांगते, लेडीज डब्यात पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटेल. तिथे भाजी निवडली जाते, भिशी लागते, कानातली विकत घेतली जातात आणि नव्या मुलीला कुठे उतरायचं ते न विचारताही सांगितलं जातं. रात्री या डब्यात पोलीस असतो. उशिरा निघालात तर रिकाम्या डब्यात एकटं बसण्यापेक्षा जिथे दोन-चार बायका आहेत तो डबा निवडा. मुलग्यांनी डब्यावरचं बाईचं चित्र नीट बघून चढावं, आणि दिव्यांगांच्या डब्यात कधीच नाही, कितीही रिकामा दिसला तरी. रेल्वेत काही अडचण आली तर १३९, एरवी ११२.

पायरी ५: पोटाचं

दुपारचं जेवण संस्थेच्या कॅन्टीनमध्ये. तिथलं अन्न साधं असतं आणि बाहेरच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. टीआयएफआरची वेस्ट कॅन्टीन समुद्राच्या इतक्या जवळ आहे की नुसता चहा घ्यायलाही बरं वाटतं. रात्रीसाठी पीजीच्या आसपास डबा देणाऱ्या बाई शोधा, वॉचमनला विचारलं तर पत्ता लगेच मिळतो. महिन्याचे पैसे एकदम देऊ नका, आधी तीन दिवस चाखून बघा. डब्यात "चपाती" असेल. परभणीची असो की नागपूरची, आपल्या पोळीला इथे चपाती म्हणतात, त्यावर वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

रविवारी डबा बंद असतो. त्या दिवशी उडप्याची राइस प्लेट, किंवा दादरला असाल तर स्टेशनजवळ मामा काणे. माटुंग्याच्या लोकांनी एकदा स्टेशनसमोर रामा नायकांच्या उडपी बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवावं, मात्र नंतर लॅबला जायचं नसेल त्या दिवशी.

पायरी ६: पाऊस

मेमध्ये आलात तर पहिले तीन आठवडे घाम. मराठवाड्या-विदर्भातलं ऊन कडक असलं तरी कोरडं असतं, सावलीत गेलं की सुटका होते. इथे सावलीतही अंग चिकट. सुती कपडे, घामोळ्याची पावडर, दिवसातून दोन अंघोळी. मग जूनमध्ये एक दिवस ढग येतात. मुंबईत पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून धरतात. तोवर छत्री घेऊन झालेली असली पाहिजे, कारण पहिल्या सरीनंतर रस्त्यावरच्या छत्र्यांचे भाव बदलतात.

काय आणायचं: रबरी किंवा प्लास्टिकच्या सँडल, चामड्याचं काहीही नाही. जीन्स दोनच, कारण जुलैमध्ये जीन्स तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी तिला वास येतो. वायरसारखी नायलॉनची दोरी आणि चिमटे. लॅपटॉपसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, सॅकच्या आत. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सँडल घालून शिरू देत नाहीत. म्हणून बंद बूट आणि एक कोरडा कपड्यांचा जोड लॅबच्या खणातच ठेवून द्यायचा. पहिल्या मोठ्या पावसात भिजून आलेले बाकीचे इंटर्न एसीत कुडकुडत असताना तुम्ही कपडे बदलून कामाला लागलेले असाल.

सगळाच पाऊस अडवत नाही. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की शहराचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलट आत शिरायला बघतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस इथल्या प्रत्येक माणसाला आठवतो. कुठे होते विचारलंत तर अर्धा तास गोष्ट ऐकायला मिळेल. भरतीच्या वेळा पालिका आधीच जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती असलेले दिवस आपल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि त्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सकाळीच मार्गदर्शकांना विचारा की यायचं का. हिंदमाता, किंग्ज सर्कलजवळचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी भरण्याची जुनी ठिकाणं. कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे बसते, आणि बहुतेकदा हार्बरही.

अडकलात तर जिथे आहात तिथेच थांबा. संस्थेत असाल तर फारच उत्तम, तिथे वीज आहे, कॅन्टीन आहे, झोपायला सेमिनार रूम आहे. घरी फोन करून सांगा आणि मग फोन वाचवा, कारण गावाकडे टीव्हीवर तीच ती बुडालेली बस दिवसभर दाखवतात आणि आई दर दहा मिनिटांनी फोन करते. पालिकेची मदत हवी असेल तर १९१६. पाण्यातून चालावंच लागलं तर उघड्या गटारांची भीती असते, माहितीच्या रस्त्याने, दुसऱ्याच्या मागून आणि छत्रीच्या टोकाने चाचपत जा. घरी आलं की पाय साबणाने धुवायचे. पायाला जखम असेल आणि साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, लेप्टोस्पायरोसिस टाळायला ते गोळी देतात. पालिकेच्या दवाखान्यातही मिळते. जून-जुलैचा ताप अंगावर काढायचा नाही, मलेरिया-डेंग्यूची तपासणी लगेच करायची. मच्छरदाणी गावाहून आणलीत तर रूममेट हसतील आणि दोन आठवड्यांनी कुठे घेतली ते विचारतील.

पायरी ७: पैसे

स्टायपेंड वेळेवर येईल असं धरू नका. पुष्कळ ठिकाणी तो शेवटी, अहवाल दिल्यावर जमा होतो. दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, पास आणि जेवण एवढे पैसे घरून घेऊन निघा, किंवा कुणाकडून उसने घ्यायचे ते आधी ठरवून ठेवा. कुठे खर्च करावा असं विचाराल तर जागेवर करा, जेवणावर करा, कपड्यांवर नको.

पायरी ८: संस्थेत, आणि रविवारी

पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही, ते सगळ्यांचं होतं. इंग्रजीला घाबरून गप्प बसलात तर मात्र दोन महिने गप्पच जातात. न कळलेली गोष्ट सरांना विचारायची भीती वाटत असेल तर शेजारच्या पीएचडीवाल्याला विचारा, चहाच्या वेळेला, मराठी येत असेल त्याला मराठीतून. वही रोज लिहा, तारीख घालून.

रविवार मात्र राखून ठेवा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, नाटकाची जाहिरात शनिवारच्या पेपरात बघायची आणि बाल्कनीचं तिकीट काढायचं. विज्ञानाचाच नाद असेल तर टीआयएफआरची मंडळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी "चाय अँड व्हाय" नावाच्या गप्पा करतात. शाळकरी पोरं तिथे जे प्रश्न विचारतात त्यांनी भलेभले गडबडतात.

पायरी ९: निघताना

परतीचं तिकीट साठ दिवस आधी काढता येतं, म्हणजे मुंबईत पोचता पोचताच काढायला हवं. अहवाल, प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकांची सही या तीन गोष्टी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. सर परिषदेला गेलेले असतात आणि कार्यालय चारला बंद होतं. गेटपास परत करा, ग्रंथालयाचं ना-देय पत्र घ्या, लॅबची वही आणि डेटा कुणाच्या ताब्यात दिला ते मेलवर लिहून ठेवा.

खोलीत बादली, मग, दोरी, चिमटे, चादर एवढं जमलेलं असतं. ते परभणीला न्यायचं नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्युनियरसाठी लॅबमधल्या ताईकडे किंवा पीजीच्या मावशींकडे ठेवा. खोलीचा पुन्हा व्हिडिओ काढा. डिपॉझिटची तारीख लिहून घ्या. किल्ली दिल्याचा मेसेज मालकिणीला टाका आणि "मिळाली" असं उत्तर आल्याशिवाय गाडीत बसू नका.